सायलेन्सरचे गंजलेले नट: स्टड न तोडता कसे सोडवावेत

कोकण किनाऱ्यावर चार-पाच पावसाळे काढलेल्या मोटारसायकलचा सायलेन्सर उतरवताना खरी कसोटी लागते ती इंजिनाच्या हेडवर (सिलिंडरच्या वरच्या भागावर) सायलेन्सरचा वाकडा बेंड पाइप धरून ठेवणाऱ्या दोन नटांपाशी. खारी हवा, पुढच्या चाकाने उडवलेला चिखल आणि रोजचे तापणे-निवणे यांमुळे हे नट स्टडवर, म्हणजे हेडमध्ये रोवलेल्या आटे असलेल्या दांड्यांवर, पुरते जाम होतात. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा लागत असल्याने आट्यांमधील बारीकशी फट तो गच्च भरून टाकतो, आणि मग पान्यावर जोर दिला की नट सुटण्याऐवजी स्टडच पिळवटून तुटतो. म्हणून कामाला हात घालण्यापूर्वी मनाशी एक क्रम पक्का करावा: नट वाया गेला तरी चालेल, स्टड शक्यतो वाचवावा, हेडला मात्र इजा होऊ देऊ नये. नट थोडक्या पैशांत कोठेही मिळतो. हेडमधील ॲल्युमिनियमचे आटे गेले, तर दुरुस्ती लेथच्या कारखान्यापर्यंत जाते.

काम सुरू करण्याच्या आदल्या दिवशी, इंजिन पूर्ण थंड असताना, स्टडची उघडी टोके तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करावीत, कारण आट्यांवर गंजाचा थर असेल तर सुटू लागलेला नटही वाटेत पुन्हा अडकतो. त्यानंतर गंज सोडवणारे पातळ तेल नट आणि स्टड यांच्या सांध्यावर सोडावे, छोट्या हातोडीने नटाच्या कडांवर हलके ठोके द्यावेत आणि पुन्हा तेल सोडावे. हे संध्याकाळी एकदा, रात्री एकदा आणि सकाळी एकदा करावे. ठोक्यांच्या कंपनाने गंजात सूक्ष्म भेगा पडतात व तेल आत झिरपते. दहा मिनिटांत तेलाचा गुण येत नाही, आणि माझ्या पाहण्यातले बहुतेक स्टड या एका घाईपायीच तुटलेले आहेत.

पाना निवडताना सहा कोनांची गोटीच घ्यावी. बारा कोनांची गोटी किंवा ढिला फिक्स पाना गंजून झिजलेल्या नटाचे कोपरे गोल करतो. 6 मिलिमीटरच्या स्टडवर सहसा 10 च्या पान्याचा नट असतो, 8 मिलिमीटरच्या स्टडवर 12 किंवा 13 च्या. पान्याला पाइप लावून दांडा लांबवू नये, कारण मग स्टड किती पिळला जात आहे हे हाताला कळत नाही. प्रथम नट आवळण्याच्या दिशेने किंचित दाबावा, मग सोडण्याच्या दिशेने. तो जरा हलला, तर सरळ फिरवत न राहता पाव फेरा सोडावा, थोडा परत आवळावा, तेल द्यावे आणि असेच पुढे जावे. पाना फिरतो आहे पण हाताला रबरासारखा लवचिकपणा जाणवतो आहे, अशी शंका येताच थांबावे, कारण तेव्हा नट नव्हे, स्टड पिळला जात असतो.

एवढ्याने नट सुटला नाही, तर उष्णता द्यावी. त्यापूर्वी पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवावी, सांडलेले तेल पुसून घ्यावे आणि ब्रेक क्लीनरने धुतलेल्या भागावर ज्योत मुळीच नेऊ नये, कारण क्लोरीनयुक्त क्लीनर तापल्यावर विषारी वायू तयार होतो. ज्योत नटावर धरावी, म्हणजे तो प्रसरण पावून स्टडवरील पकड सैल होते. हेडजवळ मात्र अतिशय जपून राहावे: ॲल्युमिनियम सुमारे 660 अंश सेल्सिअसला वितळते आणि लोखंडासारखे आधी लाल होऊन इशारा देत नाही. तरीही नट हलला नाही, तर त्याच्या एका बाजूला बारीक कानसीने किंवा छोट्या ग्राइंडरने खाच पाडावी, आट्यांच्या अलीकडेच थांबावे आणि छिन्नीच्या ठोक्याने नट फोडावा.

स्टड तुटलाच आणि थोडा बाहेर राहिला असेल, तर त्यावर नवा नट वेल्ड करून घेणे हा मला सर्वांत भरवशाचा उपाय वाटतो. वेल्डिंगच्या उष्णतेने हेडमधील पकडही ढिली होते. पोलाद तापल्याने जितके पसरते त्याच्या जवळजवळ दुप्पट ॲल्युमिनियम पसरते, त्यामुळे सांधा कोमट असताना स्टड फिरवणे सोपे जाते. तो हेडच्या पृष्ठभागाशी सपाट तुटला असेल, तर बरोबर मध्यभागी पंच मारून आधी 2.5 मिलिमीटरचे ड्रिल चालवावे आणि टप्प्याटप्प्याने भोक मोठे करावे. 6 मिलिमीटरच्या नेहमीच्या आट्यांसाठी 5 मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये. इझी-आउट (तुटलेला स्टड भोकात अडकवून उलटा फिरवून काढण्याचे हत्यार) वापरण्याचा मोह टाळावा. ते कडक पोलादाचे असल्याने आत तुटले, तर साध्या ड्रिलने निघत नाही. मध्य साधता येणार नाही असे वाटले, तर तेथेच थांबून काम लेथवाल्याकडे द्यावे.

जोडणी करताना नवे नट आणि नवी गॅस्केट वापरावी, स्टडच्या आट्यांना तांब्याचे अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारे वंगण) लावावे आणि दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत, म्हणजे बेंड पाइप हेडवर तिरपा बसणार नाही. पहिल्या फेरीनंतर इंजिन पूर्ण निवले, की नट एकदा पुन्हा तपासावेत.