बडबड न करता स्वतःला सिद्ध कसं करायचं

"मला एक चान्स द्या, मग बघा" हे समोरच्याने एवढ्या जणांकडून ऐकलेलं असतं की ते त्याच्या डोक्यापर्यंत पोचतच नाही. पण "आपलं काम बोलेल" म्हणून कोपऱ्यात गप्प बसणाऱ्यांचं पण काही खरं नसतं, कारण ते काम कोणी बघितलेलंच नसतं.

राइट बंधूंचं घ्या. 1903 च्या डिसेंबरमध्ये विमान उडवलं, 1905 च्या ऑक्टोबरमध्ये तर एका दमात 39 मिनिटं उडाले, पण बघायला मोजकीच माणसं. पुढे डिझाइन कोणी उचलू नये म्हणून करार होईपर्यंत दाखवायचंच नाही असं ठरवलं आणि अडीच वर्षं विमान बाहेर काढलं नाही. तोपर्यंत फ्रान्समधले लोक त्यांना सरळ थापाडे म्हणायला लागले होते. मग 8 ऑगस्ट 1908 ला विल्बरने फ्रान्समधल्या ल मां शहराजवळच्या रेसकोर्सवर सगळ्यांसमोर विमान वर नेलं, जेमतेम पावणेदोन मिनिटं, आणि शंका घेणाऱ्यांचा सूरच बदलला. त्या 39 मिनिटांनी जे झालं नाही ते पावणेदोन मिनिटांत झालं.

तर पहिलं काम म्हणजे समोरच्याला तुमच्याबद्दल नक्की कशाची शंका आहे ते ओळखा. बॉसला वाटतंय की हा वेळेत काही देत नाही, आणि तुम्ही रात्रभर जागून झकास प्रेझेंटेशन बनवताय, तर काय उपयोग? तिथे साधंसंच काम सांगितलेल्या तारखेच्या एक दिवस आधी द्या, आणि पुढच्या वेळी परत तसंच.

काम निवडताना छोटं, पण पूर्ण होणारं निवडा. त्यातही जे सगळ्यांना खुपतंय पण कोणी हात लावत नाही असं मिळालं तर सोडू नका. समजा टीमची एक एक्सेल शीट आहे, तारखा तीन वेगवेगळ्या पद्धतीने टाकलेल्या, एकच कस्टमर चार वेळा, दर महिन्याला कोणीतरी वैतागून हातानेच जुळवत बसतं. ती कॉपी करून साफ करा, टोटल जुनीशी जुळतेय का बघा आणि दोन्ही फाइल्स एकत्र पाठवा, "जुनी आणि नवी जोडलीये, काय बदललं ते पहिल्या टॅबवर आहे, चुकलं असेल तर सांगा." बास. "मला ॲडव्हान्स एक्सेल येतं" हे मग सांगावंच लागत नाही. ओरिजिनल फाइलला मात्र न विचारता हात लावू नका, नाहीतर भलतंच सिद्ध होईल!

"मी आता हे शिकणार, ते करणार" असं गावभर सांगत फिरू नका. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये यावर प्रयोग छापले होते, त्यात लॉच्या ज्या विद्यार्थ्यांचा चांगला वकील व्हायचा इरादा दुसऱ्या कोणी वाचून नोंदवला, त्यांनी नंतर केसेसच्या अभ्यासाला कमी वेळ दिला. म्हणजे नुसतं सांगूनच थोडंफार झाल्यासारखं वाटतं. ज्याचं काम अडलंय त्याला तारीख देणं वेगळं, ती द्यायचीच.

आणि तारीख हुकणार असं दिसलं की हुकायच्या आधी कळवा. "थोडा उशीर होतोय" असं मोघम नको, "दोन भाग झालेत, तिसऱ्याचा डेटा आज आला, गुरुवारी दुपारपर्यंत देतो" असं. मला विचाराल तर माणसावर भरवसा बसतो तो बहुतेक अशाच मेसेजमुळे, मोठ्या कामगिरीचा नंबर नंतर.

केलेल्याची एका ओळीत नोंद ठेवा, तारीख, काम, कोणाचं काय सोपं झालं. अप्रेझलच्या आदल्या रात्री आठवत बसलात तर निम्मं सुटणारच. मीटिंगमध्ये कोणी टोमणा मारला तर वाद घालू नका, फाइल उघडून स्क्रीन शेअर करा. कोणी तुमच्या कामाचं श्रेय घेत असेल तर मात्र गप्प राहायचं नाही, तिथे "हे मी केलंय" असं सरळ बोलायचं.

एवढं करूनही तोच माणूस दर वेळी नवीनच पुरावा मागत असेल, तर त्याला काय दिसलं की पटेल ते एकदा स्पष्ट विचारून घ्या. उत्तर गोलमोल आलं तर तीच नोंद घेऊन दुसरीकडे अर्ज टाकायला सुरुवात करा.