कोकणात राहून शास्त्रीय गाणं करायचंय? मग हे आधी ऐका

माझा आवाज पहिल्यापासून मोठा, आणि हीच माझी पहिली अडचण ठरली. आमचं गाव कणकवलीच्या बाजूचं, बाबा भजनात पखवाज वाजवायचे, त्यामुळे मी शाळेत असल्यापासून डबलबारीच्या सामन्यांना जाऊन बसायचो आणि बारावीपर्यंत स्वतः पेटी घेऊन गायलाही लागलो होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवा समोरासमोर बसणार, रूपावली, अभंग, गौळण, गजर असं आळीपाळीने गात जाणार आणि मध्येमध्ये एकमेकांना चिमटे काढत सामना रंगवणार. माईक असला तरी मंडपाच्या शेवटच्या माणसापर्यंत आवाज फेकायची सवय लागते आणि पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सा, जितकी वर तितक्या शिट्ट्या जास्त. मी काळी तीनला, म्हणजे पेटीची तिसरी काळी पट्टी सा धरून, गायचो आणि सगळे म्हणायचे पोरगा पुढे जाणार.

मग कोणीतरी बाबांना सांगितलं, कोल्हापूरला एका बाईंकडे पाठवा, शास्त्रीयचा बेस पक्का होईल. आजही माझ्याकडे येणारे दहातले आठ पालक हाच शब्द वापरतात, बेस. त्यांच्या डोक्यात असं असतं की दोन वर्षं शास्त्रीय केलं की मुलगी टीव्हीवरच्या स्पर्धेत जाईल. मी त्यांना स्पष्ट सांगतो की ख्याल, म्हणजे एक राग सावकाश फुलवत गायचा प्रकार, हे स्वतःच एक आख्खं गाणं आहे, दुसऱ्या कशाची तरी तयारी म्हणून शिकायला आलात तर सहा महिन्यांत कंटाळाल. काही जातात, काही राहतात.

तर पहिला दिवस. फोंडा घाट चढून, दाजीपूर राधानगरी करत एसटीने साडेतीन तास, वळणांवर पोटातलं सगळं बाहेर पडलेलं. बाईंनी माझा एक अभंग ऐकला, काही बोलल्या नाहीत, तानपुरा काळी एकला उतरवला आणि म्हणाल्या, सा लाव. लावला. परत. लावला. असं पाऊण तास चाललं, मग म्हणाल्या, "तू तानपुऱ्याच्या डोक्यावर ओरडतोयस. त्याच्या आत जा." मला इतका राग आलेला की परतीच्या गाडीत ठरवलं, पुन्हा यायचं नाही. पुढच्या रविवारी गेलो, का ते आजही नीट सांगता येत नाही. बहुतेक फी आगाऊ भरली होती म्हणून.

घरी रियाज म्हणजे वेगळीच गंमत. पहाटे पाचला उठून खर्ज लावायचा, म्हणजे खालच्या सप्तकातले सूर एकेका श्वासात धरून ठेवायचे, मग आकारात, म्हणजे नुसत्या आ वर, पलटे, म्हणजे सुरांच्या उलटसुलट फिरती, मग बाईंनी दिलेला भूप राग. आजी चुलीपाशी बसून सगळं ऐकायची, आठवडाभराने म्हणाली, "एकच सा कितक्या येळा म्हणतलस रे? देव पण कंटाळलो आसतलो." शेजाऱ्यांचं तर विचारूच नका.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो कारण ती मला कुणी आधी सांगितली नव्हती. तानपुऱ्याला चार तारा असतात, पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या सा च्या आणि शेवटची खर्जाची. ही खर्जाची तार नीट लागली आणि घोडीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्यावर, तारेखाली जो दोरा सरकवतात तो बरोबर जागी बसला, म्हणजे जवारी खुलली, की त्या एका तारेतून न वाजवलेला गंधार, म्हणजे ग, ऐकू यायला लागतो. खरंच येतो, भास नाही, त्या तारेच्या नादातच तो असतो, फक्त कानाला सापडावा लागतो. बाई रोज विचारायच्या, गंधार आला का, आणि मी रोज खोटं हो म्हणायचो. आठ महिन्यांनी, जुलैत, लाईट गेलेली, बाहेर धो धो पाऊस पडून नुकताच थांबलेला, मी अंधारात नुसता तानपुरा छेडत बसलो होतो, गायचा मूडच नव्हता, आणि अचानक तो गंधार आला, लांबून कोणीतरी गातंय असा. मी दरवाजा उघडून बाहेर बघून आलो. त्यानंतर माझा आवाज आपोआप लहान झाला, कारण मोठ्याने गायलं की तो ऐकू येईनासा होतो. मोबाईलवरचं तानपुरा अ‍ॅप चांगलं आहे, प्रवासात मीही तेच लावतो, पण शक्य असेल तर खरा तानपुरा घ्या, सेकंडहँड चालेल. मिरजेला जा, तिथे पिढ्यानपिढ्या तंतुवाद्यं बनवणारी घरं आहेत, समोर बसून तारा लावून दाखवतात, घाई करू नका.

आणि घेतल्यावर आपल्या हवेचं भान ठेवा. पुण्याच्या माणसाला हे कळणार नाही पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर वाद्यांचे हाल असतात. तानपुऱ्याच्या भोपळ्याला बुरशी येते, तारा खाऱ्या हवेने गंजतात, पेटीच्या भात्याला वास मारायला लागतो, तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडते आणि तबलजी हातोडी घेऊन कार्यक्रमभर ठोकत बसतो. मी लाकडी कपाटात साधा पिवळा बल्ब लावून ठेवलाय, त्यात तानपुरा उभा असतो. बायको त्याला तानपुऱ्याचा आयसीयू म्हणते.

गुरू कसा शोधायचा हे सगळे विचारतात. माझं मत असं की नावापेक्षा अंतर बघा, आठवड्यातून एकदा तरी समोर बसता आलं पाहिजे, मधल्या दिवसांत ऑनलाईन चालेल. नेटवर लय आणि सूर दोन्ही उशिरा पोचतात, एकत्र गाता येत नाही, आणि आपलं गाणं अर्धं गुरूबरोबर गाऊनच येतं. गुरूसाठी घाट चढायचा हे काही आपलंच नशीब नाही. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या मोठ्या गायिका, दोघी गोव्यातल्या, दोघी घरापासून लांब जाऊन अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकल्या, आणि खाँसाहेब आधी कोल्हापूर दरबारी, पुढे मुंबईला. केसरबाईंची भैरवी तर 1977 साली व्हॉयेजर यानातून अवकाशात गेली, आणि मोगूबाईंचं कुर्डी गाव धरणाच्या पाण्याखाली आहे, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं. मी एकदा मे महिन्यात तिथे जाऊन आलो, भिंतींचे चौथरे तेवढे दिसतात.

एक प्रॅक्टिकल अडचण. गुरू बाई आणि शिष्य पुरुष किंवा उलट असेल तर पट्टी जुळत नाही. आमच्या बाई काळी चारला, मी काळी एकला, त्यामुळे त्या गाऊन दाखवायच्या त्यांच्या सा मध्ये आणि मी तेच माझ्या सा मध्ये हलवून घ्यायचो. पहिलं वर्ष नुसता गोंधळ, पण यातून सूर पेटीच्या पट्टीवर न शोधता सा पासून मोजायची सवय लागली, तो फायदाच झाला म्हणायचा.

परीक्षा द्याव्यात का? द्या, पण कशासाठी ते समजून. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आपल्याकडे जास्त चालतात, प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा करत विशारद पूर्णपर्यंत सात, पुढे अलंकारच्या दोन. दहावीच्या मुलांना जादा गुण मिळतात म्हणून तर क्लास भरतात. शिक्षकाची नोकरी हवी असेल तर विशारद बऱ्याच ठिकाणी विचारतात. पण विशारद झालेला मुलगा यमन वीस मिनिटं मांडू शकेल याची गॅरंटी नाही, मी स्वतः झालो तेव्हा मांडू शकत नव्हतो. सगळे राग पाठ होते, आलाप पाठ, ताना पाठ, एकही माझी नव्हती. बाईंनी निकाल बघून पेढा खाल्ला आणि वर्षभर फक्त यमन दिला. विलंबित, म्हणजे अगदी संथ, एकतालात बारा मात्रांचं एकेक आवर्तन इतकं लांब की पहिल्या तीन-चार आवर्तनांत जे येतं ते सगळं गाऊन संपायचं आणि मग मी तोंड उघडं ठेवून समेची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघायचो. तिथून खरं शिकणं सुरू झालं असं मी धरतो.

ऐकण्याबद्दल, यूट्यूबवर आज सगळं आहे आणि तीच पंचाईत आहे. रोज दहा गायक ऐकू नका. एक राग, एक गायक, महिनाभर, आणि स्वतःचं गाणं फोनवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच दिवशी ऐकलं तर सगळं बरंच वाटतं.

आता पैसे. कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. निव्वळ ख्यालाच्या मैफिलींवर कोकणात घर चालत नाही, माझं तरी नाही चाललं. माझी कमाई येते ती क्लासमधून, मग दिवाळी पहाट आणि उत्सवातले नाट्यगीत-अभंगाचे कार्यक्रम, आणि कीर्तनाला, भजनाला पेटीची साथ. परदेशातल्या तीन विद्यार्थ्यांचा ऑनलाईन क्लास आहे, गंमत म्हणजे महिन्याचं वीजबिल, किराणा त्यांच्यावर निघतो. 18 ते 25 वयात असाल तर केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांची स्कॉलरशिप असते, दोन वर्षं महिना 5000, तिची जाहिरात बघत राहा, मी आळसात वय घालवलं. आकाशवाणीची ऑडिशन द्या, पास झालात की बी, मग बी हाय, ए आणि टॉप अशा ग्रेडच्या पायऱ्या आहेत. मला बी मिळायला दोनदा जावं लागलं, पहिल्यांदा द्रुत चीज, म्हणजे जलद लयीची बंदिश, इतकी चढवली की तबलजी मिश्कील हसला, तेव्हाच कळलं. ग्रेडचे पैसे फार नसतात, पण पत्रिकेत नावापुढे "आकाशवाणी कलाकार" छापून येतं आणि गावात त्याला वजन आहे.

मानधन आधी ठरवा, लिहून घ्या, निदान मेसेजवर तरी. एका मंडळाने मला नवरात्रात गायला बोलावलं, मैफल छान झाली, शेवटी शाल, श्रीफळ आणि "पाकीट पोचवतो बुवा". चौदा महिने झाले, शाल विरली. तबलजीला मी खिशातून दिले, कारण त्याने मंडळाकडे बघून नाही, माझ्याकडे बघून तारीख दिली होती. साथीदारांना आधी द्यायचं, हा नियम मी तेव्हापासून मोडलेला नाही.

गळ्याचं थोडक्यात. मासे खाल्ले तर चालतं का, कोकम सरबत चालतं का, हे रोज विचारतात. चालतं. जागरण चालत नाही, आणि रात्री उशिरा जेवून झोपलं की ॲसिडिटीने सकाळी आवाज बसतो, हा मला भजनाच्या जागरणांनी शिकवलेला धडा.

भजन मी सोडलं नाही हे मुद्दाम सांगतो, कारण शास्त्रीय शिकणारी मुलं सहा महिन्यांत भजनाला नाकं मुरडायला लागतात. डबलबारीतल्या बुवाला लोकांचा मूड दोन ओळींत कळतो, गजर कुठे चढवायचा आणि कुठे सोडायचा हे कुठल्याही परीक्षेत नाही. मैफलीत समोरचे चाळीस लोक जांभया द्यायला लागले की मला अजून तेच कामी येतं.

मागच्या सप्त्याला गावच्या देवळात गायलो, बऱ्याच वर्षांनी. अर्धा तास शुद्ध सारंग, मग दोन अभंग. संपल्यावर बाबांच्या वेळचे एक झांजवाले आजोबा काठी टेकत जवळ आले, माझ्या गळ्याकडे बघत म्हणाले, "बरा गायलस. पण तुझो तो आवाज खंय गेलो रे? कोल्लापुरात ठेवन इलस काय?" मी हसलो. त्यांनी कमरेच्या पिशवीतून पन्नासची नोट काढून माझ्या हातात कोंबली आणि म्हणाले, फुडल्या वर्षी गजर होयो.