उंच खिडकीपायी कैची कापू नका

कोकणात घर बांधणाऱ्याला हल्ली हॉलमध्ये पार आढ्याला भिडणारी खिडकी हवी असते. घ्या की. पण ही खिडकी आठवते ती कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे, चढल्यावर, आणि मग सुरू होते कापाकापी.

पहिला बळी तळच्या टायचा, म्हणजे कैचीच्या आडव्या दांड्याचा. कौलांच्या वजनाने राफ्टरचे, म्हणजे उतरत्या दांड्यांचे, पाय बाहेर फाकायला बघतात, टाय त्यांना आवळून धरतो. तो गेला की रेटा भिंतीच्या माथ्यावर. चिऱ्याची भिंत वजन कितीही घेईल, बाजूचा रेटा नाही. गुहागरकडे एका घरात मालकाच्या हट्टापायी फॅब्रिकेटरने ग्राइंडरने टाय उडवले आणि वर, आढ्याला जवळजवळ चिकटून, एक पाइप वेल्ड केला. "काय होत नाय!" उन्हाळाभर खरंच काही झालं नाही. पावसात कौलं पाणी पिऊन जड झाली, भिंतीचा माथा बाहेर सरकला, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली आणि काच तडकली. मालक भांडतोय काचवाल्याशी! शेवटी छपराला टेकू देऊन टर्नबकलचा, म्हणजे पिळून ताणता येणारा, रॉड ओढावा लागला. तो खिडकीसमोर दिसतो. दिसू दे. मात्र पत्र्याच्या हलक्या छपराला नुसता रॉड पुरत नाही. वाऱ्याने छप्पर उचललं की टायवर दाब येतो आणि बारीक रॉड दाबाखाली वाकतो.

मी आधी खिडकीचं माप मागतो, मगच कैची काढतो. उंची हवीच असेल तर सिझर ट्रस घ्या, त्यात तळचे दांडेही चढते असतात. पण तोही भिंतीला थोडा रेटतोच, म्हणून भिंतीच्या माथ्यावर आरसीसी (सळ्या घातलेल्या काँक्रीटचा) पट्टा हवा आणि हिशेब इंजिनिअरचा. मोबाइलवरचा फोटो दाखवून कैची बनवून घेणाऱ्यांना मी हात जोडतो. त्यापेक्षा खिडकी बाजूच्या त्रिकोणी भिंतीत घ्या, अर्धी कटकट वाचते.

कैचीचा पाय खिडकीच्या मधोमध लिंटेलवर, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या तुळईवर, टेकवू नका.

खालचं छप्पर वरच्या खिडक्यांच्या भिंतीला भिडतं तिथली पत्र्याची पट्टी भिंतीत खाच मारून बसवा. सिलिकॉनवर भागवलंत तर नैऋत्येचा पाऊस आत येणारच.

जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप साइटवर वेल्ड केला की जस्त जळतं आणि खाऱ्या हवेत गंज तिथूनच धरतो. झिंकचा रंग त्याच दिवशी मारा, "नंतर एकदम" नाही.

आणि कैची भिंतीला तारेने बांधू नका. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगरकडे छपरं कशी उडाली ते आठवा. वाऱ्याकडची उंच काच फुटली की वारा आत घुसून छप्पर खालून ढकलतो. कैचीचे बोल्ट पट्ट्याचं काँक्रीट ओततानाच त्यात बसवा. नंतर ड्रिल मारून बसवलेल्यावर माझा भरवसा नाही.