इसबावर घरचे उपाय आणि गोळ्या: कोकणच्या दमट हवेत काय लावायचं, काय टाळायचं

मृग लागला की आमच्या घरात दोन गोष्टी सुरू होतात, पत्र्यावर पाऊस आणि लेकाचं खाजवणं. कोपराच्या आत, गुडघ्याच्या मागे, मानेवर. इसब, म्हणजे डॉक्टर ज्याला एक्झिमा म्हणतात तेच. आणि वेंगुर्ल्यासारख्या गावात राहिलं की प्रत्येक शेजारणीकडे एक औषध असतंच, त्यातलं निम्मं आम्ही करून बघितलंय, काहींचा उपयोग झाला आणि काहींनी अक्षरशः कातडं सोललं.

आधी एवढं समजून घ्या. चिऱ्याच्या भिंतीच्या दरजा नीट भरल्या नाहीत की कशी ओल झिरपते, तसं या माणसांच्या कातडीचं असतं, आतला ओलावा बाहेर जातो आणि बाहेरची धूळ, साबण, जंतू आत शिरतात. बऱ्याच जणांमध्ये फिलाग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात दोष असतो, हे २००६ मध्ये कळलं. म्हणजे "रक्त खराब झालंय, रक्तशुद्धीचा काढा घे" यात काही तथ्य नाही, काम आहे ते दरजा भरायचं.

ते सुरू होतं न्हाणीघरात. बंबाचं कडकडीत पाणी खाजेवर ओतलं की स्वर्ग वाटतो मान्य आहे, पण अर्ध्या तासात दुप्पट खाज येते. कोमट पाणी, पाच ते दहा मिनिटं, साबण फक्त काखेत, जांघेत आणि पायाला, तोही बिनवासाचा सौम्य. पाण्यात जंतुनाशक टाकायची सवय असेल तर सोडा, कातडी अजून कोरडी पडते. मग पंचाने घासायचं नाही, टिपायचं, आणि अंग जरा ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, तेल किंवा मलम लावायचं. हेच खरं औषध, बाकी सगळं नंतर.

कुठलं तेल? आमची आजी म्हणायची, "आवेल लाव गो, खाज जातली," आणि म्हातारी फारशी चुकत नव्हती. आवेल म्हणजे नारळाच्या रसापासून, म्हणजे दुधापासून, घरी काढलेलं तेल, दुकानात त्याचंच व्हर्जिन कोकोनट ऑइल म्हणून चौपट भावात मिळतं. फिलिपिन्समध्ये ११७ मुलांवर आठ आठवडे हे तेल आणि साधं मिनरल ऑइल असं लावून बघितलं, २०१४ मध्ये छापून आलं, खोबरेल जास्त चांगलं ठरलं. पण एप्रिल-मेच्या घामात दिवसा जाड थर फासलात तर घामोळं उठेल, तेव्हा दिवसा हलकं मॉइश्चरायझर आणि तेल रात्री. ऑलिव्ह ऑइल मात्र नको, कितीही महाग असलं तरी, त्याने ही भिंत अजून कमकुवत होते. कोकमतेलाचा गोळा आपल्याकडे टाचांच्या भेगांना लावतातच, हाताच्या कोरड्या इसबालाही मी तो किंचित गरम करून रात्री चोळते, वर सुती हातमोजे. त्यावर अभ्यास वगैरे काही दाखवू शकत नाही, पण घट्ट असल्यामुळे सकाळपर्यंत टिकतं. आणि हात आखडता घेऊ नका, अंगभर इसब असलेल्या मोठ्या माणसाला आठवड्याला पाव ते अर्धा किलो मलम लागतं, छोट्या ट्यूबने काय होणार.

खाज फारच असेल तर साधे ओट्स मिक्सरवर पिठासारखे दळा, चमचाभर पाण्यात टाकल्यावर पाणी दुधाळ झालं म्हणजे जमलं, नाहीतर परत फिरवा. आपल्याकडे टब नसतात, म्हणून सुती फडक्यात पुरचुंडी बांधून बादलीत पिळायची आणि ते पाणी अंगावर घ्यायचं. न्हाणीत पाय घसरतो, सांभाळून.

आता काय लावू नये. लसूण, लिंबू, चुना, रुईचा चीक, बिब्बा, व्हिनेगर. माझ्या हाताला मावशीने प्रेमाने लसूण वाटून बांधला होता, दुसऱ्या दिवशी फोड, डाग अजून आहे. कडुलिंबाचा पाला उकळून गार केलेल्या पाण्याने काहींना बरं वाटतं, काहींची कातडी सुकते, पण कडुलिंबाचं तेल लहान मुलाला पाजायचं नाही म्हणजे नाही, जिवावर बेतू शकतं.

आणि हातांचं इसब सारखं उलटत असेल तर आधी कामाकडे बघा. काजूच्या बिया फोडणं, आंबा उतरवताना उडणारा चीक, कोलंबी सोलणं, भांड्यांचा साबण, सगळंच हाताला झोंबतं. बिब्बा, काजू, आंबा एकाच कुळातले. आत सुती, वर रबरी हातमोजे घाला, लोक हसतील, हसू द्या.

गोळ्यांचं थोडक्यात सांगते कारण तिथे पैसेच जास्त जातात. ईव्हनिंग प्रिमरोझ या फुलझाडाच्या बियांच्या तेलाच्या कॅप्सूल आणि तसल्याच बोरेज तेलाच्या, २०१३ मध्ये कॉक्रेन या अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेने दोन्हींचे मिळून २७ अभ्यास एकत्र तपासले, औषध नसलेल्या रिकाम्या गोळीपेक्षा फरक नाही. प्रोबायोटिकची, म्हणजे पोटाला चांगल्या जंतूंची पाकिटं, २०१८ मध्ये कॉक्रेनचं उत्तर तेच, फार तर किंचित फरक. ड जीवनसत्त्व कमी असेल तर भरून काढावं, काहींची खाज त्याने कमी होते, पण रक्त तपासून. ते साठ हजार युनिटचं पाकीट दर आठवड्याला स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने घेत राहिलं तर रक्तात कॅल्शियम वाढू शकतं. फिश ऑइलचा पुरावा कच्चा आहे, त्यापेक्षा बांगडा-तारली खा. आणि कुणी सांगितलं म्हणून मुलाचे मासे, अंडी, वांगी सगळं एकदम बंद करू नका, एखादी गोष्ट खाल्ल्यावर दरवेळी लगेच त्रास होत असेल तरच डॉक्टरांशी बोलून ती सोडा. वाढत्या पोराला उपाशी ठेवून इसब जात नाही.

पावसाळ्यात अजून एक घोळ होतो. चट्टा गोल, कडेने लाल आणि मधे बरा होत आलेला असेल तर ते बहुतेक इसब नाही, गजकर्ण. त्यावर मेडिकलमधून ती तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब आणून लावली की त्यातल्या स्टिरॉइडमुळे चार दिवस छान वाटतं आणि मग मांडीभर पसरतं. माझ्या दिराने तीन महिने हेच केलं. उलट खऱ्या इसबाला डॉक्टरने स्टिरॉइड मलम दिलं तर घाबरून अर्धवट सोडू नका, बोटाच्या पहिल्या पेराएवढं मलम हाताच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला, सांगितले तेवढे दिवस.

चट्ट्यातून पिवळं पाणी, खपली, पू आला तर त्याच दिवशी दाखवा. आणि ताप येऊन एकसारखे बारीक फोड उठले, फुटून टोचल्यासारखी भोकं दिसायला लागली तर नागीण-बिगीण म्हणत मंत्र टाकायला जाऊ नका, रात्र असली तरी गाडी काढा.