गढूळपणाला तुरटी, जंतूंना टीसीएल: पावसाळ्यातलं विहिरीचं पाणी

वीस लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ६.३ मेगाज्यूल उष्णता लागते. शेगडीतली निम्मी-पाऊण उष्णता कामी आली असं धरलं, तरी त्यात सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास गॅस जळतो. तेवढ्याच पाण्यातले जंतू मारायला चांगली टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, ०.१ ग्रॅम पुरते. मात्र क्रम पाळायलाच हवा: आधी गाळ, मग जंतू. गढूळ पाण्यात टीसीएल टाकली तर क्लोरीन गाळातल्या सेंद्रिय पदार्थांवरच खर्ची पडतो आणि जंतू तसेच राहतात.

गाळ बसवायला तुरटी विहिरीत टाकू नका. तळाला बसलेला साका पोहऱ्याच्या पहिल्याच हिसक्याने पुन्हा वर येतो. पाणी २०० लिटरच्या पिंपात काढून घ्या. १० ग्रॅम तुरटी कुटून लिटरभर पाण्यात विरघळवा. तीन पारदर्शक बाटल्यांत एकेक लिटर गढूळ पाणी भरा आणि इंजेक्शनच्या सिरिंजने अनुक्रमे १, २ आणि ४ मिलि द्रावण घाला. मिनिटभर जोरात ढवळा, मग दहा मिनिटं अगदी सावकाश. मातीच्या कणांवर ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटत तरंगत राहतात. तुरटीतल्या ॲल्युमिनियमचं हायड्रॉक्साइड होतं आणि हे कण त्यात गुंततात. बाटली उजेडात धरली की पिंजलेल्या कापसासारखे पुंजके खाली सरकताना दिसतात. अर्ध्या तासाने जी बाटली सर्वांत कमी द्रावणात नितळ झाली, ते तुमचं प्रमाण. २ मिलि पुरलं, तर २०० लिटरला ४०० मिलि द्रावण, म्हणजे ४ ग्रॅम तुरटी.

इथे बहुतेक वेळा बिघडतं ते ढवळण्यात. शेवटपर्यंत जोरात ढवळलं तर बनलेले पुंजके फुटतात. पाण्यात बायकार्बोनेट नसेल, जसं पागोळीच्या पाण्यात फारसं नसतं, तर तुरटी पाणी आंबट करते आणि गाळ तरंगतच राहतो. अशा वेळी आधी थोडी चुन्याची निवळी घाला. वरचं नितळ पाणी कापडातून दुसऱ्या पिंपात गाळून घ्या आणि साका विहिरीपासून लांब टाका.

आता टीसीएल. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो; दमट हवा आणि ऊन लागलं की तो उडून जातो. पिशवी घट्ट बांधून, फळीवर, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवा. तेल, रॉकेल किंवा संडास धुण्याचं ॲसिड शेजारी अजिबात नको, कारण ॲसिड लागताच विषारी क्लोरीन वायू सुटतो. २० टक्क्यांखाली गेलेली पावडर वापरू नका. प्रमाण दर १००० लिटरला ५ ग्रॅम. पावडर २५ टक्क्यांचीच असेल तर ६.६ ग्रॅम. पिंपाला एकच ग्रॅम लागतो आणि तो चिमटीने मोजता येत नाही. म्हणून १० ग्रॅम पावडर लिटरभर पाण्यात कालवा, निवळू द्या आणि त्यातली १०० मिलि निवळी घाला. हे द्रावण रोज ताजं करा.

विहिरीचं पाणी नितळ असेल तर टीसीएल थेट विहिरीत चालते. आधी पाणी किती ते काढा: व्यास × व्यास × पाण्याची खोली × ०.७८५, सगळं मीटरमध्ये; येणाऱ्या आकड्याला १००० ने गुणलं की लिटर. व्यास ४ मीटर आणि पाणी ३ मीटर, तर ३७,६८० लिटर आणि पावडर १८८ ग्रॅम. एका प्लॅस्टिकच्या बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नका. इथे दोन बादल्या लागतील. थोड्या पाण्यात लगदा करा, पाऊण बादली पाणी घालून ढवळा, दहा मिनिटं थांबा. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओता. तळाचा चुना फेकून द्या, त्याने पाणी जड होतं. निवळीची बादली दोराने विहिरीत सोडून वर-खाली, आडवी-तिडवी हलवा.

नंतर तासभर कुणी पाणी भरू नये. क्लोरीनपासून बनलेलं हायपोक्लोरस आम्ल जंतूंच्या आवरणातून आत शिरतं, त्याला तेवढा वेळ लागतो. तासाने ओटी टेस्ट करा, म्हणजे थोड्या पाण्यात ऑर्थोटोलिडिनचं द्रावण घालून रंग बघा. पहिल्या दहा सेकंदांत येणारा पिवळा रंग मुक्त क्लोरीनचा. पंधरा मिनिटांनी गडद झालेला रंग वाचला तर अमोनियाशी बांधला गेलेला, कमजोर क्लोरीनही त्यात मोजला जातो. साथीच्या दिवसांत मुक्त क्लोरीन लिटरला ०.५ मिलिग्रॅम हवा. रंगच आला नाही तर पुन्हा टीसीएल टाका. नारिंगी आला तर प्रमाण फार झालं, पाणी काही तास तसंच ठेवा. टेस्टचं पाणी पिऊ नका, हातालाही लागू देऊ नका.

फ्लोराइड, नायट्रेट किंवा खारटपणा तुरटी आणि टीसीएल या दोन्हींनी जात नाही. तशी शंका असेल तर नमुना प्रयोगशाळेत द्या आणि निकाल येईपर्यंत ते पाणी लहान मुलांना देऊ नका.

विहिरीत टीसीएल टाकायची ती रात्री, उपसा थांबल्यावर. पहाटेच्या पहिल्या पोहऱ्यातल्या पाण्यालाही ओटी टेस्टमध्ये पिवळी झाक यायला हवी. ती नसेल तर रात्रीतून कुठूनतरी सांडपाणी आत झिरपत असू शकतं. काठावरच्या भेगा आणि जवळचे शोषखड्डे तपासा.