इनहेलर तपासताना या चुका टाळा: आकडा जुळला म्हणून पेढे वाटू नका

फुफ्फुसात औषध किती साठलं, हे टेबलावरचा इम्पॅक्टर, म्हणजे इनहेलरचे कण एकाखाली एक कपांत आकाराप्रमाणे पकडणारं यंत्र, सांगत नाही. नवीन पोरं पहिल्याच रिपोर्टात 'लंग डिपॉझिशन' लिहितात, मी लाल पेनाने खोडतो. साठलेलं खरंच मोजायचं तर औषधाला टेक्नेशियम-९९एम हा किरणोत्सारी पदार्थ जोडून माणसाला गॅमा कॅमेऱ्यापुढे बसवावं लागतं. आपलं यंत्र फक्त हवेत वाहणारे कण आकाराप्रमाणे वेगळे करतं. ५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण खोल उतरण्याची शक्यता जास्त, एवढंच त्यावरून म्हणता येतं.

माझं खरं दुखणं वेगळंच आहे: पावडरचा इनहेलर तपासताना इम्पॅक्टरच्या कपांना चिकट कोटिंग न करणं. कोऱ्या धातूवर आपटलेला कण चिकटत नाही; उसळतो आणि हवेबरोबर पुढच्या कपात जातो. मग जाडा कण बारकांत मोजला जातो, बारीक कणांचा आकडा फुगतो आणि सगळे खूश.

काही वर्षांपूर्वीचा जुलै. गोव्यात वेर्ण्याच्या पठारावर पाऊस आडवा मारत होता. फोंड्याहून येणारा एक हुशार पण घायकुता मुलगा साडेपाचची बस गाठायच्या घाईत म्हणाला, "सर, मागच्या बॅचसारखाच आकडा आलाय." बारीक कणांची बेरीज खरंच जुळत होती. पण थ्रोट (घशासारखी वाकडी नळी) आणि प्री-सेपरेटरमध्ये (जाडे कण आधीच अडवणारा भाग) नेहमीपेक्षा जास्त औषध, तळाच्या कपांतही जास्त, आणि मधले कप जवळजवळ उपाशी. कोटिंग केलंस का, विचारलं. "कोटिंगच्या द्रावणातलं हेक्झेन उडायला वेळ लागतो, म्हणून आज..."

दुसऱ्या दिवशी कोटिंग करून घेतलं, तर आकडा धाडकन खाली! वरिष्ठांनी दोष कोटिंगलाच दिला. खरा चोर कोपऱ्यात होता. हवेतला ओलावा ओढणाऱ्या डीह्युमिडिफायरची टाकी भरून तो आपोआप बंद पडला होता, आणि कॅप्सूल दोन्ही दिवस जेवणाआधीच ब्लिस्टरमधून काढून ट्रेमध्ये पसरल्या होत्या. दमट पावडरमध्ये औषध त्याला वाहून नेणाऱ्या लॅक्टोजच्या कणांना धरून बसतं, सुटत नाही, वरच अडकतं. म्हणजे ओलाव्याने आकडा पाडला होता आणि उसळण्याने उचलला होता. दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतलं होतं.

तेव्हापासून सकाळचा चहा कोटिंगनंतरच. सिलिकॉन तेलाचं द्रावण लावलं की कप ट्यूबलाइटखाली तिरपा धरून बघतो: चमक सगळीकडे सारखी हवी, कडेला थेंब साचलेला नको. कॅप्सूल एकेक, इनहेलरमध्ये भरायच्या क्षणीच ब्लिस्टरमधून काढायची. आणि पावसाळ्यात ती टाकी दोनदा रिकामी करायची, शिपायाची वाट न बघता.

फ्लो मीटर इनहेलरच्या जागी लावून प्रवाह बघा, पंपाच्या नळीवर नको. ४ लिटर हवा ओढायची म्हणजे मिनिटाला ६० लिटरला ४ सेकंद, १०० लिटरला २.४. सगळीकडे ४ सेकंद ठेवणारे महाभाग मी पाहिलेत. एनजीआय या प्रकारच्या इम्पॅक्टरच्या पहिल्या टप्प्याची सीमाही (याहून जाडे कण तिथे अडकतात) ६० ला ८.०६ मायक्रॉन, तर १०० ला ६.१२, जुन्या एक्सेलमध्ये नुसते नवे आकडे टाकणाऱ्यांनी हे बघावं. स्प्रेचा इनहेलर आधी हलवा आणि सुरुवातीचे फवारे वाया घालवा. नेब्युलायझरला इम्पॅक्टर ५ अंशांपर्यंत थंड करा, नाहीतर थेंब वाटेतच सुकून बारीक होतात. गळतीची चाचणी रोज. सांधे हवाबंद ठेवणाऱ्या ओ-रिंगवर केस अडकलेला मी स्वतः काढलाय.

आणि रिपोर्ट लिहिण्याआधी सगळ्या भागांत सापडलेल्या औषधाची बेरीज करा. प्रत्येक डोसमागे ती लेबलवरच्या मात्रेच्या ८५ ते ११५ टक्क्यांत बसायला हवी. कमी भरली की पोरं लगेच औषध मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्राला नावं ठेवतात. मी आधी थ्रोटचं वळण उजेडाकडे धरतो. बहुतेक वेळा पांढरी रेघ तिथेच असते, न धुतलेली.