सक्तीच्या राष्ट्रसेवेमुळे तरुणांना शिस्त लागेल का, हे कसे तपासावे

तरुणांच्या हातून एखादे बेदरकार कृत्य घडले की, ‘यांना दोन वर्षे सैन्यात पाठवा, म्हणजे सरळ होतील’ हे वाक्य कोणाच्या तरी तोंडून हमखास निघते. त्यामागची तळमळ खोटी नसते. पण एका संपूर्ण पिढीच्या आयुष्यातले एखाद-दुसरे वर्ष सक्तीने मागून घ्यायचे असेल, तर ते ज्या कारणासाठी मागितले जात आहे ते कारण टिकते का, हे पाहण्याची जबाबदारी मागणाऱ्यावर येते. वादविवादात बोलायचे असो, निबंध लिहायचा असो किंवा स्वतःचे मत पक्के करायचे असो, पुढील क्रमाने गेल्यास या प्रश्नाचा बराच गुंता सुटतो.

प्रस्ताव नेमका कोणता, ते आधी ठरवा

‘राष्ट्रसेवा’ या एकाच नावाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी चालतात. सिंगापूरमध्ये १९६७ पासून तरुण पुरुषांना सुमारे दोन वर्षे सैन्य, पोलीस किंवा नागरी संरक्षण दलात काढावी लागतात. नायजेरियात यादवी युद्धानंतर, १९७३ मध्ये, तीस वर्षांखालील पदवीधरांसाठी एक वर्षाची सेवा सुरू झाली आणि तीत बहुतेकांना स्वतःच्या राज्याबाहेर पाठवले जाते. फ्रान्सने २०१९ मध्ये १५ ते १७ वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी गणवेश, ध्वजवंदन आणि सुमारे दोन आठवड्यांचे निवासी शिबिर अशी योजना आणली. ती पुढे सर्वांना सक्तीची करण्याचा विचार होता, पण ती शेवटपर्यंत ऐच्छिकच राहिली. या तिन्हींचा शिस्तीवर होणारा परिणाम एकच असेल, असे मानायला काहीही आधार नाही. म्हणून वय, कालावधी, निवासी की घरून, काम लष्करी की नागरी, सूट कोणाला आणि नकार दिल्यास शिक्षा कोणती, हे सारे सुरुवातीलाच लिहून काढा. ज्या प्रस्तावात यांपैकी निम्म्या गोष्टींचा उल्लेखच नाही, त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध मत देण्याची घाई करू नये.

शिस्त कशात मोजायची आणि केव्हा

बराकीतली सकाळ डोळ्यांसमोर आणा. पहाटे शिट्टी वाजते. काही मिनिटांत चादरीवर एकही सुरकुती न ठेवता बिछाना लावायचा, घोंगडीची घडी ठरलेल्या मापाची करायची, बूट एका रेषेत ठेवायचे आणि तपासणीला अधिकारी आला की ताठ उभे राहायचे. एकाची घडी चुकली तर शिक्षा सगळ्या तुकडीला. अठरा वर्षांचा मुलगा हे थोड्याच आठवड्यांत शिकतो, आणि सुट्टीवर घरी आलेल्या मुलाचे ते रूप पाहून आईवडिलांना समाधान वाटते, हे स्वाभाविकच आहे. पण शिट्टी, माप, तपासणी आणि शिक्षा या चारही गोष्टी बाहेरून आलेल्या असतात आणि सेवा संपते त्या दिवशी त्या एकदमच नाहीशा होतात. म्हणून सेवेच्या काळातल्या वागणुकीवरून निष्कर्ष काढू नका. कोणी पाहत नसताना नियम पाळणे, राग आवरणे, हाती घेतलेले काम तडीस नेणे, मिळालेला पैसा जपून वापरणे, या गोष्टी गणवेश उतरल्यानंतर तीन, पाच, दहा वर्षांनी कशा आहेत, हे विचारा. यातले सगळेच मोजता येत नाही. गुन्ह्यांची नोंद, शिक्षण, नोकरी आणि कमाई मोजता येते. ही मोजमापे अपुरी आहेत, पण नुसत्या आठवणींपेक्षा कितीतरी विश्वासार्ह आहेत.

वयाचा परिणाम वजा करा

बहुतेक चर्चा इथेच घसरते. ‘माझा भाऊ उनाड होता, सेवेतून परत आला तेव्हा जबाबदार माणूस झाला होता’, असे सांगणारा खरेच सांगत असतो. मात्र तो भाऊ अठराव्या वर्षी गेला आणि विशीत परतला. गुन्हेगारीचा कल तरुण वयात वाढतो आणि पुढे उतरत जातो, हे बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी १८३१ मध्येच दाखवून दिले होते, आणि पौगंडावस्थेच्या अखेरीस किंवा विशीच्या आरंभी शिखर गाठून पुढची उतरण हे चित्र अनेक देशांत, अनेक पिढ्यांत दिसत आले आहे. सेवेला न गेलेला शेजारचा मुलगाही त्याच वर्षांत शहाणा झालेला असतो. त्याचे श्रेय मात्र कोणाला दिले जात नाही. ‘गेला नसता तर कसा झाला असता?’ हा प्रश्न प्रत्येक अनुभवाला विचारायची सवय लावून घ्या.

सोडतीचे पुरावे वाचा

त्या प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या बाबतीत कधीच मिळत नाही, पण मोठ्या गटांच्या बाबतीत मिळू शकते, आणि त्यासाठी जगात काही ठिकाणी झालेल्या सोडती फार मोलाच्या आहेत. अर्जेंटिनात कोणाला सैन्यात जायचे हे जाहीर सोडतीने ठरत असे. ओळखपत्राच्या शेवटच्या तीन अंकांच्या हजार जोडण्या होतात. प्रत्येक जोडणीसाठी पिंपातून एक क्रमांकित चेंडू निघे. क्रमांक लहान निघाला तर सुटका, मोठा निघाला तर भरती, आणि सर्वांत मोठे क्रमांक नौदलाकडे, जिथली सेवा अधिक लांब होती. गेलेले आणि सुटलेले यांच्यात घर, स्वभाव किंवा हुशारी यांचा फरक नसून फक्त नशिबाचा होता, म्हणूनच त्यांची तुलना न्याय्य ठरते. गॅलियानी, रोसी आणि शारग्रोडस्की या संशोधकांनी २०११ मध्ये ही तुलना प्रसिद्ध केली. सैन्यात गेलेल्यांच्या नावावर पुढील आयुष्यात गुन्हा नोंदला जाण्याची शक्यता कमी झालेली नव्हती. ती वाढली होती. नोकरीधंद्याला लागण्यास झालेला उशीर हे त्यांनी सुचवलेले एक कारण आहे.

एवढ्यावर थांबू नका. डेन्मार्कमध्येही तरुण क्रमांक उचलतात, आणि तिथल्या नोंदींतून वेगळे चित्र निघते. किशोरवयात गुन्हा केलेले आणि १९ ते २२ या वयात सेवेत गेलेले जे तरुण होते, त्यांच्यात चोरीसारखे मालमत्तेचे गुन्हे सेवेच्या आरंभापासून पाच वर्षांपर्यंत कमी झाले. हिंसक गुन्ह्यांवर परिणाम आढळला नाही, शिक्षण वाढले नाही आणि कमाई घटली. स्वीडनमध्ये सोडत नव्हती. पण निवड मंडळाचे काही अधिकारी सहज भरती करणारे तर काही हात राखून असत, आणि कोणाच्या वाट्याला कोणता अधिकारी येईल हे योगायोगावर असे. याच योगायोगाचा उपयोग करून १९७० आणि १९८० च्या दशकांत जन्मलेल्या पुरुषांचा अभ्यास झाला. सेवेमुळे २३ ते ३० या वयातले गुन्हे वाढले, आणि ही वाढ मुख्यतः आधीच गुन्ह्यांची नोंद असलेल्या व गरीब घरांतल्या मुलांत होती. सुस्थितीतल्या घरांतल्या मुलांची कमाई मात्र सेवेनंतर सुधारली. मला हा निष्कर्ष सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो, कारण ज्यांना ‘वळण लागावे’ म्हणून ही सक्ती मागितली जाते, नेमके तेच या अभ्यासात गुन्ह्यांच्या वाटेवर अधिक खोल गेले.

अमेरिकेत १ डिसेंबर १९६९ रोजी जन्मतारखांची सोडत काढली गेली. तिच्या आधारे जोशुआ अँग्रिस्ट यांनी १९९० मध्ये दाखवले की, व्हिएतनामच्या काळात सेवा केलेल्या गोऱ्या पुरुषांची कमाई १९८० च्या दशकाच्या आरंभी, सेवा न केलेल्या तशाच पुरुषांपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी होती. हा युद्धकाळ होता, त्यामुळे हा आकडा शांततेच्या काळातल्या सेवेला जसाच्या तसा लावू नये.

हे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून ते टाकून देण्याचे कारण नाही. सेवेचा काळ कसा गेला, सोबती कोण होते आणि बाहेर पडल्यावर हाताला काम होते का, यांवर निकाल फिरतो, असे त्यांवरून मानायला जागा आहे. सर्वांना सारखी शिस्त लावणारी सक्ती मात्र या पुराव्यांत कुठेही दिसत नाही.

निवड झालेल्यांचे कौतुक आणि सर्वांवरची सक्ती वेगळी ठेवा

नॉर्वेचे उदाहरण अनेकदा दिले जाते. तिथे २०१५ पासून स्त्री-पुरुष दोघांनाही सेवेचा कायदा लागू आहे. परंतु प्रत्यक्षात त्या वयाच्या तरुणांपैकी थोडेच घेतले जातात आणि निवडीत क्षमतेबरोबर इच्छेलाही महत्त्व असते. असे निवडलेले तरुण शिस्तबद्ध दिसले, तर ती शिस्त सेवेने आणली की निवडीने, हे वेगळे करता येत नाही. वैद्यकीय आणि मानसिक चाचण्यांत गळणाऱ्यांत अनेकदा तेच असतात, ज्यांच्याबद्दल समाजाला खरी काळजी वाटते.

सक्तीला कायद्याची मर्यादाही आहे, तीही पाहून ठेवा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९३० च्या करारात निव्वळ लष्करी स्वरूपाच्या सक्तीच्या सेवेला वेठबिगारीच्या व्याख्येतून वगळले आहे, तर १९५७ च्या करारात आर्थिक विकासासाठी किंवा कामगारांना शिस्त लावण्यासाठी सक्तीचे श्रम घेण्यास मनाई आहे. रस्ते बांधायला तरुणांना सक्तीने जुंपण्याचा प्रस्ताव असेल, तर हा मुद्दा सर्वांत आधी येतो.

संरक्षणाची गरज हा स्वतंत्र मुद्दा आहे. लिथुएनियाने २०१५ मध्ये सक्तीची सेवा परत आणली ती सुरक्षेसाठी. ऑस्ट्रियाच्या मतदारांनी २०१३ मध्ये ती कायम ठेवली, तेव्हा पर्यायी नागरी सेवेतून रुग्णवाहिका आणि शुश्रूषेच्या कामाला मिळणारे मनुष्यबळ हे एक मोठे कारण होते. ही कारणे वजनदार असू शकतात. त्यांची बाजू त्यांच्याच बळावर मांडावी. शिस्तीच्या नावाखाली ती पुढे सरकवली, की दोन्ही प्रश्नांवरची चर्चा बिघडते.

पर्यायाशी तुलना करा

तेवढाच पैसा आणि वेळ दुसरीकडे लावला तर काय मिळेल, हे विचारल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही. अमेरिकेत शाळा सोडलेल्या १६ ते १८ वर्षांच्या मुलामुलींसाठी ‘नॅशनल गार्ड यूथ चॅलेंज’ हा ऐच्छिक निवासी उपक्रम आहे. त्यात कवायत आहे, गणवेश आहे, पहाटेची शिट्टीही आहे. पण येणे स्वतःच्या इच्छेने, मुक्काम सुमारे पाच महिन्यांचा आणि त्यानंतर जवळपास वर्षभर एका मार्गदर्शकाची सोबत. जागांपेक्षा अर्जदार अधिक असल्याने सोडतीने प्रवेश देऊन त्याची तपासणी झाली. तीन वर्षांनंतर प्रवेश मिळालेल्यांमध्ये शालेय प्रमाणपत्र मिळवणारे अधिक होते आणि त्यांची कमाईही सुमारे २० टक्क्यांनी जास्त होती. गुन्ह्यांत मात्र टिकाऊ फरक आढळला नाही. आत्मसंयमाची मुळे याहूनही आधीच्या वयात असतात: न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांच्या दीर्घ अभ्यासात, बालपणातल्या संयमाचा प्रौढपणीच्या आरोग्याशी, पैशाच्या व्यवहाराशी आणि गुन्ह्यांशी स्पष्ट संबंध दिसला. अठराव्या वर्षी सुरू होणाऱ्या सक्तीला हा काळ कधीच गाठता येत नाही.

मत मांडताना अटींसह मांडा. ‘या वयाच्या, या गटासाठी, इतक्या महिन्यांची आणि नंतर कामाची सोय असलेली योजना मी मान्य करीन’, असे वाक्य ‘हो’ किंवा ‘नाही’पेक्षा अधिक उपयोगाचे असते. माझे मत विचाराल तर, शिस्त हे एकमेव कारण असेल तर सक्ती नको, आणि ऐच्छिक सेवेला भरघोस पाठबळ द्यावे. तरीही कोणी योजना आणतच असेल, तर ती एकदम सर्वांवर लादण्याआधी काही भागांत सोडतीने प्रवेश देऊन चालवावी, गेलेल्या आणि न गेलेल्या दोघांच्याही नोंदी किमान पाच वर्षे ठेवाव्यात आणि त्या नोंदी योजना चालवणाऱ्या खात्याकडे न देता स्वतंत्र संशोधकांकडे द्याव्यात, अशी मागणी करा.